कुवारा पितर

फादर लोक लगन करत नाईत, हे मले आचलनं सांगतलं. आचल माही पोरगी, वर्ध्याले नर्सिंगचं शिकते. तिच्या कॉलेजात केरळकडच्या पोरी आहेत, त्याईच्या तोंडून तिले सगळं माहीत. सहज बोलता बोलता बोलली. आमी वावरात भेंड्या तोडत होतो. माह्या हातातली भेंडी हातातच राह्यली.

"मरेपर्यंत नाई करत?" मी इचारलं.

"नाई करत."

"बुढा झाला तरी कुवाराच?"

"हो ना माय. काऊन? तुले कोणाचं लगन लावाचं आहे?"

हसली लेकाची. मी नाई हसली. मले वाटलं, देवानं मले बुद्धी देल्ली. इतके दिवस गावात ज्याच्यासाठी दारोदार हिंडली तो माणूस तिकडे हिंगणघाटच्या रस्त्यावर, त्या मोठ्या चर्चात बसून होता.

आमच्याकडे अक्षय तृतीयेले, म्हणजे आमच्या अखजीले, घरच्या मेलेल्या माणसाले जेवू घालतात. तो त काही येत नाई, म्हणून त्याच्या नावानं दुसऱ्या कोण्या माणसाले जेवाले बसवतात. त्याले पितर म्हणतात. त्याचे पाय धुवाचे, टीका लावाचा, पत्रावळीवर वाढाचं. तो जेवला की आपला माणूस जेवला. बुढा गेला असंल त बुढा बसवतात, सवाशीण गेली असंल त सवाशीण. अन् कुवारा पोरगा गेला असंल त कुवारा पोरगाच पाह्यजे. माहा आदेश कुवारा गेला.

आता तुमी म्हणसान, हिंगणीत काय कुवाऱ्या पोराईची कमी आहे? कमी नाई. पारावर मोबाईल घेऊन ढीगभर बसले असतात. पण माह्या आदेशच्या ताटावर बसाले कोणी तयार नाई. त्याचं असं झालं, की त्याच्या दहाव्याले पिंडाले कावळा शिवला नाई. आमी नदीवर दुपारपर्यंत बसून होतो. काय काय नाई कबूल केलं आमी! तुह्या बहिणीचं शिक्षण थांबवणार नाई, तुही गाडी विकणार नाई, तुह्या बापाले दारूच्या थेंबाले शिवू देणार नाई. झाडावर चार कावळे होते मुडदे. एक खाली नाई उतरला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळ्या गावानं पाह्यलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर पहिल्या अखजीले त्याचा दोस्त शुभम बसला. पोटभर जेवला बिचारा. महिन्याच्या आत गाडीवरून पडला, पाय मोडला. झालं! गावाले तेवढंच पाह्यजे होतं. म्हणे आदेशचा जीव अडकून आहे, त्याच्या ताटावर जो बसंल त्याले तो ओढते. मागच्या अखजीले त रूपरावच्या सुलोचनाबाईनं आपला पोरगा आदल्या दिवशीच पुलगावले मामाकडे धाडून देल्ला. मी काय खाणार होती का त्याले? आमच्या घरच्याईनं, म्हणजे पुंडलिकरावनं, मंग ते पान उचललं अन् गाईपुढे ठेवलं. मी त्या दिवशी लय बोलली त्याईले. माहा पोरगा का गोऱ्हा होता गाईपाशी जेवाले?

अन् माह्या मनाले एकच गोष्ट खात होती. आदेश वेल्डर होता. आयटीआय केली होती त्यानं. त्या चर्चाचं काम चालू होतं तेव्हा तो तिथंच पत्र्याच्या खोलीत राहे, रविवारी घरी ये. वरच्या छतावरून पडला अन् तिथंच गेला. ठेकेदाराचा माणूस त्याले घेऊन आल्ता, त्याले मी पहिली गोष्ट हेच इचारली, की बाप्पा, माहा पोरगा जेवलता का? तो म्हणे, "हो मावशी, पोटभर जेवून वर चढलता." मान खाली घालून म्हणे. पोटभर जेवलेल्या माणसाच्या पिंडाले कावळा काऊन शिवत नाई? मले तेव्हापासून वाटे, माहं लेकरू उपाशी गेलं. अन् अजून उपाशीच आहे.

मी जेव्हा पुंडलिकरावले सांगतलं की औंदा पितर म्हणून त्या चर्चाच्या फादरले बसवाचं, त त्याईनं हातातला पाइप सोडून देल्ला. पाणी सगळं वांग्याच्या वाफ्यातून वाहून गेलं.

"चतुरे, तुहं डोस्कं ठिकाणावर आहे का? ख्रिश्चन माणूस तो. तो आपला पितर कसा होईन?"

"कुवारा आहे का नाई?"

"कुवारा आहे, पण—"

"मंग झालं. अन् तिकडचाच आहे. आदेशले पाह्यलं असंल त्यानं. इथल्यासारखं कावळ्याचं भेव त्याले असणार नाई."

"तो येईन इथं? लोक हसतील."

"येत नसंल त आपण ताट घेऊन त्याच्याकडे जाऊ. अन् लोक हसतील त हसू दे. ज्याचं जळते त्यालेच कळते."

ते मंग पाइप उचलून वाफ्याकडे गेले. त्याईचं असंच आहे. बोलून माह्यापुढे टिकत नाईत, अन् मनात ठेवून झिजतात.

अखजीच्या दिवशी पहाटे उठून मी सैपाक केला. पुरणपोळ्या, कढी, वडे, कुरडया, आंब्याचा रस, अन् चिंचवणी. पळसाच्या पत्रावळी घेतल्या. सगळं डब्याईत भरलं, वरून ओलं फडकं बांधलं. पितर जेवल्याबिगर घरचं कोणी जेवत नाई, म्हणून आमी तिघंही उपाशी निघालो. पुंडलिकरावले शुगर आहे. आचलनं पर्समधी बिस्किटाचा पुडा ठेवला होता, त्याईनं त्याच्याकडे पाह्यलंही नाई. हिंगणीहून सेलू, सेलूहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाटची गाडी. ऊन असं की बशीच्या खिडकीले हात लावला त चटका बसे.

बशीत मी दोघाईले ताकीद देल्ली. आपण आदेशचे मायबाप आहो, हे गेल्या गेल्या सांगाचं नाई. काऊन, त त्याईले वाटंल, आले हे काही मागाले. चर्च पाहाले आलो म्हणाचं. माणूस कसा आहे ते पाहाचं, अन् मंग इचाराचं.

हायवेवर उतरलो अन् मी ते पाह्यलं. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यानं गेली नव्हती. हिंगणघाटले लगन असलं तरी जात नव्हती. मले वाटलं होतं कसंतरी काळंकुट्ट असंल. पण ते पांढरं होतं. कापसाचं बोंड फुटते तशी वर पाच पाकळ्या उघडलेल्या, अन् दोन पाकळ्याईच्या मधी रंगीत काच. चांगलं दिसत होतं. ते चांगलं दिसलं याचाच मले राग आला.

फाटकाच्या आत एक पांढऱ्या कपड्यातली सिस्टर भेटली. तिनं आमाले बाकावर बसवलं, पाणी देल्लं अन् फादरले बोलावून आणलं. फादर बिनोय त्याचं नाव. चाळिशीचा असंल. दाढी, चष्मा, पायात साधी चप्पल. केरळचा माणूस, पण बोले आपल्यासारखंच.

"या ना आई, या. उन्हात कुठे आले तुम्ही? मी इकडे आलो तेव्हा 'काऊन' म्हणजे काय तेही कळत नव्हतं मला. आता माझी आई म्हणते, तू मल्याळम विसरला."

बोलका होता. मले बरं वाटलं. मी डब्याची पिशवी काखेत धरून त्याच्या मांगं चालू लागली. बारा वाजाले आल्ते. पितराले दुपार कलाच्या आत जेवू घालाचं असते. पण याले चर्च दाखवाची भारी हौस. एकेक गोष्ट थांबून थांबून सांगे.

आत गार होतं. एकही खांब नाई. वरच्या काचाईतून खाली हिरवा, लाल, पिवळा उजेड पडलेला. पुढे एक मोठी दगडी खुर्ची.

"ही बिशपांची खुर्ची," तो म्हणे. "ज्या चर्चमध्ये बिशपांची खुर्ची असते त्यालाच कॅथेड्रल म्हणतात. खुर्ची नसेल तर साधं चर्च."

"एका खुर्चीसाठी एवढं मोठं घर?" मी म्हटलं.

तो हसला. आचलनं मले कोपरानं ढोसलं.

मंग त्यानं पहिलेपासूनचं सांगतलं. फार पहिले इथं काहीच नव्हतं म्हणे. बाभळीचं रान. एक परदेशातले बुढे फादर बैलाच्या दमनीत बसून आले. जिनिंगच्या मजुरात प्लेग पसरलता, लोक गाव सोडून पळून राह्यले होते. याईनं एका कापसाच्या गोदामात दवाखाना घातला. सगळ्याईची सेवा केली, अन् शेवटी त्यातच गेले. त्याईले उचलाले त्याईच्या धर्माचं एक माणूस नव्हतं इथं. जिनिंगच्या मजुराईनं खांदा देल्ला. त्याईची समाधी अजून आहे बाहेर, लिंबाच्या झाडापलीकडे. मंग त्या गोदामाचं कवेलूच्या छपराचं चर्च झालं. लय वर्षं ते चाललं. त्याच्या भिंती खचल्या तेव्हा लोकाईनं जमवाजमव केली अन् हे बांधलं. कापसाचं बोंड काऊन, त इथल्या लोकाईनं कापसावरच पोट भरलं म्हणून.

"आणि ही घंटा त्याच जुन्या चर्चची आहे. आम्ही टाकली नाही," तो म्हणे.

पुढे त्यानं एक मोठा संगमरवरी ओटा दाखवला. त्यावर पूजा होते त्याईची. चर्च सुरू झालं त्या दिवशी बिशपनं त्या ओट्याले अन् भिंतीईले तेल चोळलं म्हणे.

"आमी बी देवाच्या दगडाले तेल लावतो," पुंडलिकराव बोलले. इतक्या वेळात पहिला शब्द त्याईचा.

"हो बाबा, तसंच. आणि या वेदीच्या आत एका संताची अस्थी ठेवली आहे. श्रद्धेसाठी ज्यांनी जीव दिला, त्यांची. फार जुनी रीत आहे ही."

"हाड?" मी म्हटलं. "मेलेल्या माणसाचं हाड, देवाच्या घरात?"

"हो आई. ज्यांनी जीव दिला त्यांना आम्ही विसरत नाही."

मले तिथं काय झालं ते मी सांगू नाई शकत. सगळे मेलेले सांभाळून ठेवले यानं. दमनीतला बुढा फादर सांभाळला, कोण्या देशातला संत सांभाळला, जुनी घंटा सांभाळली. माहाच नाई सांभाळला. दाराजवळ भिंतीत एक दगड होता नावं कोरलेला. मी आचलले खुणावलं. तिनं जाऊन वाचला अन् मान हलवली. बिशप होते, नकाशा काढणारा होता, ठेकेदार होता. आदेश नव्हता.

मंग माह्याच्यानं राहावलं नाई. मी वर बोट केलं.

"एवढ्या उंच काम करताना कोणाले काही झालं का हो?"

फादर बिनोयचं हसू गेलं. चष्मा काढून पुसला त्यानं, अन् परत घातला.

"एक मुलगा पडला आई. त्या तिकडच्या पाकळीवरून. काच बसवायचं शेवटचं काम चाललं होतं."

"कोणाचा होता?"

"हिंगणीचा. आदेश नाव त्याचं."

पुंडलिकराव मटकन बाकावर बसले. आचलनं तोंडाले ओढणी लावली. त्या माणसानं आमाले न ओळखता माह्या पोराचं नाव घेतलं होतं, अन् घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं होतं.

"मी त्याची माय," मी म्हटलं. "हे त्याचे बाबा. ही बहीण."

तो तिथंच उभा राह्यला. एकदम बुढा दिसाले लागला. हात जोडले त्यानं. मीच बोलली. आता लपवून काय फायदा होता? सगळं सांगतलं मी त्याले. अखजी सांगतली, कावळा सांगतला, शुभमचा पाय सांगतला, सुलोचनाबाईनं पोरगं लपवलं ते सांगतलं. अन् म्हटलं, "बाप्पा, तुमी कुवारे आहा. तुमच्या देवानं तुमाले कुवारंच ठेवलं आहे. आमाले दुसरं काही नाई पाह्यजे. ताट घेऊन आलो आहो. त्याच्या नावानं चार घास जेवा, अन् आमी जातो."

"नको आई," तो म्हणे.

"काऊन नको?"

"मला नका सांगू. दुसरं काहीही सांगा. मी दर वर्षी त्याच्या नावानं मिस्सा, आमची मोठी पूजा, करतो, रोज प्रार्थना करतो. पण त्याच्या ताटावर... मी नाही बसू शकत."

मले वाटलं, धरम आडवा आला. माहं डोस्कं फिरलं.

"आमचा पोरगा चालला तुमाले, आमचं जेवण नाई चालत? वर चढवाले तो पाह्यजे होता, अन् त्याच्या नावचा घास घशाखाली नाई उतरत? अहो, आमच्या गावचे पोरं भेतात म्हणून नाई बसत. तुमाले कायचं भेव आहे?"

"माय, हळू," मले बाकावर बसवत आचल म्हणाली.

"काऊन हळू? याच्या देवाले बी आयकू दे!"

फादर बिनोय माह्यापुढे खाली बसला. फरशीवर. मी बाकावर अन् तो खाली. अन् त्यानं जे सांगतलं ते मी आता सांगतो, पण पुन्हा पुन्हा सांगाले लावू नका.

त्या दिवशी दुपारून बिशप काम पाहाले येणार होते. सगळ्याईची जेवाची सुट्टी झालती. आदेश लिंबाखाली बसलता. डबा उघडलता त्यानं. वरच्या काचेवर झाकलेली ताडपत्री एका बाजूनं सुटली अन् हवेनं फडफड करे. फादरले वाटलं, बिशप येतील तेव्हा हे बरं नाई दिसणार. त्यानं हाक मारली.

"मी म्हटलं, आदेश, दोन मिनिटांचं काम आहे, तेवढं बांधून ये, मग जेव. तो म्हणाला, फादर, हात उष्टा आहे. पहिला घास घेतला होता त्यानं. मी म्हटलं, धुऊन जा. तो हसला. डब्यावर झाकण ठेवलं आणि गेला. दोन मिनिटांचं काम म्हणून पट्टा बांधला नाही, आणि मीही बांध म्हटलं नाही. पोलिसांना सांगितलं, बिशपांना सांगितलं. सगळे म्हणाले, अपघात आहे. तुमच्याकडे यायला दोनदा निघालो. सेलूपर्यंत आलो आणि परत फिरलो. त्याला जेवणावरून मी उठवलं आई. मी कसा बसू त्याच्या ताटावर?"

म्हणजे मले जे वाटे ते खरंच होतं. माहं लेकरू उपाशी गेलं. एक घास. एक घास तोंडात घालून उठलं. आमच्यात भरल्या ताटावरून कुत्र्याले बी उठवत नाईत, दुश्मन असला तरी त्याचं जेवण होऊ देतात अन् मंग भांडतात. अन् याचा बिशप येणार होता, ताडपत्री बरी दिसत नव्हती, म्हणून यानं माह्या पोराले उठवलं. मले असं वाटलं की याच्या थोबाडीत मारावी. खरं सांगतो. हात उचललाही गेलता माहा.

"डब्यात काय होतं त्याच्या?" मी इचारलं.

"वांग्याची भाजी होती. पोळी होती."

माह्या वावरातले वांगे होते ते. रविवारी मीच पिशवी भरून देल्ले होते. मले रडू आलं. त्याच्या दहाव्याले आलं नव्हतं इतकं आलं. लोकाईच्या देवाची जागा होती, पण मी तोंड दाबलं नाई. मोठ्यानं रडली. आचल मले धरून रडली. तो खाली बसून रडला. पुंडलिकराव मात्र कोरडे बसून होते, त्या वरच्या पाकळीकडे पाहत.

"चल चतुरे," ते म्हणाले. "घरी जाऊ. हा नाई बसणार, अन् मलेही आता नाई बसवाचा."

मी उठली. पिशवी उचलली. दारापर्यंत गेली. बाहेर ते लिंबाचं झाड दिसत होतं. मी थांबली.

"कोठी बसलता तो?" मी मांगं वळून इचारलं.

फादर बिनोय आला. उन्हात चप्पल न घालता आला. झाडाच्या बुडाशी एक सपाट दगड होता, तिथं बोट दाखवलं त्यानं. मी तिथं खाली बसली, पदरानं जागा झाडली अन् पत्रावळ मांडली.

"बसा," मी म्हटलं.

"आई..."

"तुमीच बसा. आता दुसरा कोणी चालत नाई. आधी मी म्हटलं का कुवारा आहे म्हणून बसा. आता तसं नाई म्हणत. तुमी त्याले उठवलं ना? मंग त्याचं जेवण तुमीच पुरं करा. धरमाचं काय असंल ते तुमच्या देवाले मंग सांगजा."

तो बसला. मले वाटलं नव्हतं तो बसंल. मांडी घालून बसला, हात मांडीवर, मान खाली.

पितराचे पाय घरच्या कर्त्यानं धुवाचे असतात. मी पुंडलिकरावकडे पाह्यलंच नाई. कोण्या तोंडानं सांगू त्याईले, की ज्यानं तुमचा पोरगा वर धाडला त्याचे पाय धुवा? मीच पाण्याची बाटली उघडाले लागली. तर त्याईनं माह्या हातातून ती घेतली. त्याच्यापुढे उकिडवे बसले, अन् त्याच्या पायावर पाणी टाकलं. आधी एक पाय, मंग दुसरा. आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसले. फादर बिनोय म्हणे, "बाबा, नका ना, बाबा." पुंडलिकराव म्हणाले, "पाय तुमचे नाईत. बसा गप."

मी टीका लावला. वाढलं. पुरणपोळी, वरून तूप, कढी, वडा, रस. चिंचवणी द्रोणात वाढली. पत्रावळीभोवती पाणी फिरवलं अन् म्हटलं, "आदेश, जेव बाप्पा."

त्यानं पहिला घास घेतला. चावत राह्यला, चावत राह्यला, गिळता येईना. दाढीतून पाणी वाहे. मी पाण्याचा गिलास पुढे केला. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मले त्याची दया येत होती अन् राग बी येत होता, दोन्ही एकाच वेळी, अन् कोणतंच कमी होत नव्हतं. पण घासामागं घास पोटात जाऊन राह्यला होता, हे मी डोळ्यानं पाहत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात मघाची सिस्टर लगबगीनं आली. तिनं आमाले असं पाह्यलं अन् थबकली. पण काम तातडीचं असंल.

"फादर, बिशप साहेबांची गाडी फाटकात आली. तुम्हाला विचारतात. जरा दोन मिनिटं येऊन जा, मग जेवा."

त्याचा हात पत्रावळीवरच थांबला. सवयीचा माणूस, अर्धा उठलाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् खाली दाबला. कसा दाबला ते मले मालूम. भेंडीचे वाफे खणणारा हात आहे माहा.

"उठाचं नाई," मी म्हटलं. "कोणी बोलवो. जेवण होईपर्यंत उठाचं नाई."

तो खाली बसला. सिस्टरले म्हणाला, "त्यांना सांगा, फादर जेवत आहेत." अन् मान खाली घालून पुन्हा जेवाले लागला.

आदेशले पुरणपोळ्या तीन लागत. याची पहिली संपली होती. मी दुसरी वाढली.